बर्लिन एका दिवसात: पायाखालीसुद्धा बघा!

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हे वाचून घ्या. हातात एकच दिवस असेल तर बर्लिनमध्ये काय बघायचं? माझा रूट सांगतो. पण आधी एक गोष्ट. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सुधारतो, पण कमिट हिस्टरी पुसत नाही. नेमकं काय आणि कधी चुकलं, हे पुढच्याला कळायला हवं ना! हे शहर तसंच आहे.

सकाळ: राइशटाग. ही जर्मन संसद. घुमटावर जायला पैसे लागत नाहीत, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवा आणि पासपोर्ट सोबत ठेवा. 1933 मध्ये या इमारतीला आग लागली आणि ते निमित्त करून नाझींनी लोकांचे हक्क गुंडाळले. 1945 मध्ये जिंकून आलेल्या सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर आपली नावं खरडली. त्यातली बरीच आत मुद्दाम जपली आहेत. काचेचा घुमट नॉर्मन फॉस्टरचा. आपण वर, खासदारांचं सभागृह खाली. कोण कोणाच्या वर, हे न बोलता कळतं!

मग चालत ब्रांडेनबुर्ग गेट. 1791 मध्ये पूर्ण झालं. वरचा चार घोड्यांचा रथ 1806 मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेला, 1814 मध्ये परत आला. सेल्फी घ्या आणि लगेच खाली बघा. रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ दिसेल. भिंत इथून जात होती.

पाच मिनिटांवर ज्यू हत्याकांडाचं स्मारक आहे. काँक्रीटचे 2,711 ठोकळे, एकावरही नाव नाही. आत जाऊ तशी जमीन खाली उतरते, ठोकळे डोक्यावर जातात आणि सोबतचा माणूस दिसेनासा होतो. इथे ठोकळ्यांवर चढून फोटो काढू नका, प्लीज.

दुपार: बेबेलप्लाट्झ. 10 मे 1933 ला इथे पुस्तकं जाळली, आणि जाळणाऱ्यांत विद्यार्थीही होते! जमिनीतल्या काचेतून खाली बघा. रिकामी पांढरी कपाटं, साधारण 20,000 पुस्तकं मावतील एवढी.

समोरच हुम्बोल्ट विद्यापीठ. ‘युगान्त’वाल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडीसाठी आल्या होत्या. विषय होता माणसाची कवटी आणि मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीवरून वंश वरचा की खालचा ठरवता येतो, याला इरावतीबाईंच्या मोजमापात आधार मिळाला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, स्वतःच्या गाइडसमोर! विचार करा.

संध्याकाळ: बेर्नाउअर श्ट्रासे. फ्रीडरिशश्ट्रासेहून एस-बान पकडा, नॉर्डबानहोफला उतरा. या रस्त्यावर घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि फुटपाथ पश्चिमेत. 13 ऑगस्ट 1961 ला सीमा बंद झाली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. मग खिडक्याच विटांनी बुजवल्या. 1989 पर्यंत भिंतीपायी किमान 140 जीव गेले.

हॉटेलवर परतताना दारांसमोर तळहाताएवढे पितळी दगड दिसतील. त्या घरातून ज्यांना उचलून नेलं, त्यांची नावं त्यावर असतात. दोन मिनिटं थांबा, वाका, एक तरी नाव वाचा.

आता एक प्रश्न. आपल्या शहरात अभिमानाचे पुतळे भरपूर आहेत. चुकांची एखादी खूण आहे का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!