रक्तपिपासू, पण हँडसम!

एक मुलगा आहे. तो रोज रात्री खिडकीतून तुमच्या खोलीत येतो, तुम्हाला न विचारता. तुम्ही झोपलेल्या असता आणि तो कोपऱ्यात उभा राहून तासन् तास तुमच्याकडे बघत राहतो. काय कराल? किंचाळाल, आईला हाक माराल, ११२ फिरवाल. बरोबर ना? पण त्या मुलाचं नाव एडवर्ड कलन असेल आणि चेहरा रॉबर्ट पॅटिन्सनचा असेल, तर आपण उशी कवटाळून म्हणतो, 'हाऊ स्वीट!'

'आपण' म्हणतेय, कारण मीही त्यातलीच. अकरावीत 'ट्वायलाइट'चे चारही भाग मी बारा दिवसांत संपवले होते. (तेव्हा युनिट टेस्ट चालू होती, तो विषय नको.)

व्हॅम्पायर आधी असा नव्हता. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली १८९७ मध्ये. त्यातला काउंट म्हणजे पांढऱ्या मिशांचा म्हातारा, तळहातावर केस आणि तोंडाला घाण वास. क्रश वगैरे लांबच राहिलं! गंमत म्हणजे तो लंडनमध्ये भर दिवसा फिरतो. उन्हात व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रुजली ती १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूक जर्मन सिनेमामुळे. तो सिनेमा म्हणजे 'ड्रॅक्युला'ची विनापरवाना कॉपी होती. स्टोकरच्या पत्नीने केस केली, कोर्टाने सगळ्या प्रिंट्स नष्ट करायला सांगितलं, तरी काही वाचल्याच. म्हणजे व्हॅम्पायरचा सगळ्यात प्रसिद्ध नियम आपल्याला मिळाला तो एका पायरेटेड सिनेमातून.

मग १९७६ मध्ये अ‍ॅन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये व्हॅम्पायर स्वतःच बोलू लागला. त्याला अपराधी वाटतं, एकटं वाटतं. राक्षसाला मन मिळालं. आणि २००५ मध्ये स्टेफनी मायरने त्याला थेट कॉलेजच्या आधीच्या वर्गात, बायोलॉजीच्या बाकावर आणून बसवलं. हा उन्हात मरत नाही, चमकतो! 'ट्वायलाइट' मालिकेच्या जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडेही २०१० मध्ये 'प्यार की ये एक कहानी' आली. त्यातला अभय रायचंद आठवत नसेल, तर मोठ्या ताईला विचारा. ती लाजेल.

हे एवढं का चालतं? मला विचाराल तर उत्तर साधं आहे. सतरा-अठराव्या वर्षी आपल्याला कुणीच नीट बघत नाही असं वाटत असतं. आणि इथे शंभरी पार केलेला, जगातलं सगळं पाहिलेला एक जण म्हणतो, 'मला फक्त तू हवीस.' यात वाईट काही नाही. मुलींना आवडतं म्हणून ते फालतू, असं म्हणणाऱ्या मुलांचा तर मला रागच येतो. तुमचे सुपरहिरो काय लॉजिकने उडतात?

खटकतं ते वेगळंच. तिसऱ्या भागात, 'एक्लिप्स'मध्ये, बेलाला जेकबला भेटायला जायचं असतं. एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनाचा पार्टच काढून ठेवतो. का, तर तिच्या काळजीपोटी. दुसऱ्या भागात तो सोडून गेल्यावर ती कड्यावरून समुद्रात उडी मारते, कारण जिवाला धोका असला की तिला त्याचा आवाज ऐकू येतो. लेखिका हे सगळं प्रेम म्हणून सांगते. भीती म्हणून नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या बॉयफ्रेंडला तिचं लाइव्ह लोकेशन दिवसभर चालू लागायचं. 'काळजी वाटते गं त्याला,' ती कौतुकाने सांगायची. आम्हीही 'ऑऽऽ' करायचो. मग ती ट्रिपला येईनाशी झाली. नंतर आमचा ग्रुपही सोडला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकामुळे हे घडलं असं मी म्हणत नाही, तिने 'ट्वायलाइट' वाचलंही नव्हतं. वाचलं होतं ते आम्ही, 'ऑऽऽ' करणाऱ्यांनी.

आणखी एक. जेकबची क्विल्यूट जमात काल्पनिक नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश इथे ते लोक खरंच राहतात. लांडगा होणाऱ्या पोरांची गोष्ट मात्र मायरबाईंची. त्या नावावर टी-शर्ट, दागिने विकले गेले, त्यातलं जमातीच्या हाती फारसं काही लागलं नाही. आपल्या गावच्या देवाचं असं केलं असतं तर?

तसा आपल्याकडे वेताळ आहेच. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेतालकथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाचा सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकला. पण आपला वेताळ रक्ताच्या मागे नाही, तो राजाच्या खांद्यावर बसून अवघड प्रश्न विचारतो. २०२५ च्या दिवाळीत आदित्य सरपोतदारच्या 'थामा'ने त्या बेतालला पुन्हा प्रेमकथेत आणलं, तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. मीही एक मारली.

सुट्टीत या जॉनरमध्ये घुसायचं असेल, तर ले फानूच्या 'कार्मिला'पासून सुरू करा. १८७२ ची आहे, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही पंचवीस वर्षं आधीची. छोटीशी आहे, कॉपीराइट संपल्यामुळे नेटवर फुकट मिळते. इथे व्हॅम्पायर मुलगी आहे, रात्री खोलीत तीही येते, प्रेमाचंच बोलते. फरक एवढाच की वाचताना घाम फुटतो.