रेग्युलर एक्स्प्रेशनमधील गट व माघार

पंढरपूर तालुक्यातील ‘करकंब’ हे ग्रामनाम संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचे होय : क, र, क, अनुस्वार व ब. त्यास ‘(क.)+ब’ हा आकृतिबंध लावला असता काय घडते? टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, कंस म्हणजे गट, आणि ‘+’ म्हणजे तो एक वा अधिक वेळा. गटात प्रथम ‘कर’, नंतर ‘कं’ बसते व अखेरीस ‘ब’ जुळतो. गटाच्या स्मरणात मात्र शेवटचे ‘कं’ तेवढे उरते.

‘.*क’ या आकृतिबंधातील ‘.*’ प्रथम पाचही चिन्हे व्यापते. ‘क’साठी काहीच उरत नाही. मग एकेक चिन्ह सोडीत यंत्र मागे सरते, आणि तिसऱ्या पावलास ‘क’ गवसतो. हीच माघार, म्हणजे बॅकट्रॅकिंग.

‘(क+)+ब’मध्ये हीच माघार घातक ठरते. ‘ब’ नसलेले २० ‘क’ गटांत विभागण्याचे ५,२४,२८८ प्रकार संभवतात. एक ‘क’ वाढताच ते दुप्पट होतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा अशाच अतिरेकी माघारीमुळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली होती. वस्तुतः ‘क+ब’ने तेच शब्द जुळतात. अर्थ समान असला तरी श्रम समान नसतात, हे रचनाकाराने ध्यानी ठेवावे.