फियाटचे डोके

बोरघाट चढताना, पूर्वी अमृतांजन पूल होता त्या जागेच्या थोडे अलीकडे, गाडीच्या तापमानाचा काटा उजवीकडे झुकला आणि मी तो पाहिला नाही. मे महिन्याची दुपार होती, पुढे कंटेनरची रांग होती, आणि मी बहिणीशी बोलत होतो. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेले होते. पोशीरला गाडी टोचन करून आणली. नेरळच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी हेड उतरवून पत्र्याच्या पिंपावर ठेवले. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी तडा होती. त्यांनी तिच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, खडूची पूड लावली. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. "भाऊ, हे डोकं गेलं," ते म्हणाले.

गाडी बाबांची. १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या वर्षातली. तिच्याआधी हीच गाडी 'प्रेसिडेंट' होती, त्याआधी 'डिलाइट', आणि पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली तिची थोरली बहीण मुंबईकरांच्या तोंडी 'डुक्कर फियाट' होती. बाबांनी नंबर लागायची वाट काही वर्षे पाहिली होती. हेड गेले म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. मिस्त्रींचे म्हणणे, भंगारातून दुसरे हेड आणू. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याचे म्हणणे, "मामा, डोकं बदलायचंच आहे तर चांगलं बदलू. ट्विन-कॅम हेड, वर दोन आडवे वेबर कार्बोरेटर." मी शिकलो बी.ए., पण यंत्रांच्या इतिहासाचा नाद तीस वर्षांचा. निर्णय माझ्यावर आला, आणि या लेखाचे मूळ तिथे आहे.

आधी भाचा काय मागत होता ते सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांनी बॉनेट उघडून फक्त पाणी पाहिले असेल.

पद्मिनीच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात; ते उघडणारा कॅमशाफ्ट मात्र खाली, ब्लॉकच्या कुशीत असतो. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाची लांब काठी उचलतो, काठी रॉकर ढकलते आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्ह दाबते. घरातल्या माणसाने गल्लीतल्याला हाक मारावी, गल्लीतल्याने नाक्यावरच्याला, तसा हा निरोप जातो. हळू चालीत काही बिघडत नाही. फेरे वाढले की काठी किंचित लवते, रॉकरचे वजन आडवे येते, आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर परत बसवू शकत नाही. व्हॉल्व्ह तरंगू लागतो.

ट्विन-कॅममध्ये ही मधली माणसेच काढून टाकतात. दोन कॅमशाफ्ट थेट हेडच्या माथ्यावर, एक हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हांसाठी, एक धूर बाहेर सोडणाऱ्यांसाठी. खरा फायदा मात्र वजन घटण्याहून मोठा आहे. दोन्ही रांगा वेगळ्या झाल्यामुळे व्हॉल्व्ह एकमेकांपासून कलते ठेवता येतात, त्यांच्या मधली पोकळी घुमटासारखी होते, स्पार्क प्लग घुमटाच्या शिखराजवळ बसतो, आणि मिश्रण एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाते.

आडव्या कार्बोरेटरचे कारणही तेच, वाट सरळ करणे. नेहमीच्या पद्मिनीत एकच सोलेक्स असतो, त्यातून मिश्रण खाली पडते आणि वळून चार घरांत वाटले जाते. कोपऱ्यावरच्या घराला कमी, मधल्याला जास्त, असे होतेच. एदोआर्दो वेबर यांच्या बोलोन्याच्या कारखान्याचा दोन घशांचा आडवा कार्बोरेटर अशा दोघांच्या जोडीत लावला, की चार सिलिंडरांना चार घसे मिळतात. प्रत्येकाचा आपापला, सरळ रेषेतला, वाटणीविना.

इथपर्यंत भाच्याची बाजू पक्की होती. मग मी मागे गेलो, हे डोके इतरांनी जुन्या धडावर कसे चढवले ते पाहायला.

सर्वांत गाजलेले उदाहरण लोटसचे. कॉलिन चॅपमन यांना स्वस्तात जोरदार इंजिन हवे होते. हॅरी मंडी हे 'द ऑटोकार' या नियतकालिकाचे तांत्रिक संपादक; त्यांनी फोर्डच्या साध्या पुशरॉड ब्लॉकवर बसेल असे ॲल्युमिनियमचे ट्विन-कॅम हेड आखले. १९६२ मध्ये ते लोटस एलानमध्ये आले. मला त्यातला एक तपशील फार आवडतो. ब्लॉकमधला जुना कॅमशाफ्ट त्यांनी काढलाच नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम त्याच्याकडून गेले, पण ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर तोच फिरवत राहिला. निवृत्त झालेल्या माणसाने देवपूजा आणि दूध आणणे सांभाळावे, तसा. पाण्याचा पंप मात्र त्यांनी टायमिंग चेनच्या पुढच्या झाकणात असा कोंबला, की तो बदलायचा म्हणजे अर्धे इंजिन खोलायचे. जगभरचे मिस्त्री त्यावरून अजून शिव्या देतात.

फियाटच्या घरीही हे घडले. फेरारीतून आलेले ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाट १२४ चे साधे पुशरॉड इंजिन घेऊन त्यावर दोन कॅम चढवले आणि ते चेनऐवजी रबरी दातेरी पट्ट्याने फिरवले. १९६६ मध्ये १२४ स्पोर्ट स्पायडरसोबत ते ट्यूरिनला लोकांसमोर आले. आपला संबंध असा, की हीच १२४ पुढे १९८५ मध्ये कुर्ल्यात 'प्रीमियर ११८ एनई' म्हणून अवतरली. पण आपल्याकडे आले ते फक्त तिचे शरीर. आत निसानचे ११७१ सीसीचे इंजिन, पुन्हा पुशरॉडचेच. ज्या गाडीच्या पोटी लाम्प्रेदींचे इंजिन जन्मले ती गाडी मुंबईला आली आणि ते इंजिन आले नाही, याची मला उगाच हळहळ वाटते.

तिसरे उदाहरण आपल्या अँबेसेडरच्या नात्यातले, आणि मला सावध करणारे ते हेच. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश बीएमसीच्या 'बी' मालिकेतले. त्याच्या हेडला एकाच बाजूला पाच तोंडे : आत घेणारी दोन, बाहेर टाकणारी तीन. दोन शेजाऱ्यांत एक नळ. त्याच मालिकेच्या ब्लॉकवर, त्याच ८८.९ मिलिमीटर स्ट्रोकवर, ट्विन-कॅम हेड आणि दोन आडवे एसयू कार्बोरेटर चढवून १९५८ मध्ये एमजीए ट्विन-कॅम काढली. १५८८ सीसीतून १०८ अश्वशक्ती. आणि पिस्टन जळू लागले. घुमटाला भोक पडायचे. ९.९ चे कॉम्प्रेशन पुढे ८.३ वर आणले, पण बदनामी झालीच होती. १९६० पर्यंत २१११ गाड्या निघून प्रकरण मिटले. त्या गाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींना बऱ्याच वर्षांनी आणखी एक कारण सापडले : ठरावीक फेऱ्यांना इंजिन असे थरथरे की कार्बोरेटरमधल्या पेट्रोलला फेस यायचा, मिश्रण पातळ व्हायचे आणि पिस्टन भाजायचा. कार्बोरेटर लवचीक बैठकीवर बसवले की दुखणे थांबे. वेबर लावतानाही नट करकचून आवळत नाहीत. खाली रबरी रिंग आणि स्प्रिंगचे वॉशर देऊन किंचित फट ठेवतात. हे आमच्या मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग ढिलंच म्हणा ना."

आता पद्मिनीचे धड. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. ही मापे १९३७ च्या फियाट ११०० ची. म्हणजे आमच्या अंगणातली गाडी पन्नास वर्षांची असली तरी तिच्या काळजाची मोजमापे महायुद्धाआधीची आहेत. लोटसच्या हेडखाली ८२.५५ मिलिमीटरचा बोअर होता, लाम्प्रेदींच्या पहिल्या ट्विन-कॅमखाली ८० चा. रुंद बोअर म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हला जागा. ६८ च्या विहिरीवर कितीही सुंदर घुमट बांधला तरी दरवाजे लहानच राहणार.

दुसरी गोष्ट खालची. फोर्ड आणि १२४ चे क्रँक पाच मेन बेअरिंगांवर टेकलेले, पद्मिनीचे तीनच. पद्मिनीचा मूळ जोर चाळिशीच्या आसपास, ४८०० फेऱ्यांना. त्या चालीत पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर पडते. ट्विन-कॅमचा फायदा घ्यायचा तर ७५०० फेरे हवेत, तिथे ती जवळपास १९ होते. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड उलटे फिरवताना पडणारा झटका गतीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तीन बेअरिंगांवरचा तो भार सुमारे अडीचपट. हेड श्वास देते; तो श्वास सोसायचा कोणी, हा प्रश्न खाली राहतो. शिवाय पद्मिनीसाठी असे हेड दुकानात मिळत नाही. नमुना करा, ओतून घ्या, टायमिंगची सगळी रचना नव्याने आखा; लोटसला ते जमले, कारण त्यांना ती हजारोंनी बनवायची होती.

भाचा हिरमुसला. मी त्याला मग स्तांगेलिनीची गोष्ट सांगितली. १९५८ च्या सुमारास इटलीत 'फॉर्म्युला ज्युनिअर' शर्यती सुरू झाल्या. अट अशी, की ब्लॉक आणि हेड रस्त्यावरच्या साध्या गाडीचेच हवेत. मोदेनाच्या स्तांगेलिनींनी याच १०८९ सीसी फियाटचे पुशरॉड हेड ठेवले, आतल्या वाटा घासून मोकळ्या केल्या, दोन आडवे वेबर लावले, आणि मूळच्या दुपटीच्या आसपास जोर काढला. १९५९ ची मोनाकोची ज्युनिअर शर्यत त्यांच्याच गाडीने जिंकली. "म्हणजे वेबर तरी लावू," तो लगेच म्हणाला.

खरे सांगतो, त्या रात्री मीही पाघळलो होतो. पण वेबरच्या उघड्या तोंडांसमोर नेरळ–कळंब रस्त्याची उन्हाळी धूळ आहे. गाळणी न लावता चालवली तर वर्षात रिंगा जातील. पोशीरला जेट जुळवून बसवले तर सहाशे मीटरवरच्या खंडाळ्याला हवा पाच-सहा टक्के विरळ असते आणि तेच मिश्रण जाड पडते. शर्यतीच्या गाडीला एकच मैदान असते. आमच्या गाडीला घाट चढायचा असतो, आणि आईला मागे बसवून न्यायचे असते.

कायद्याचे तर मी शेवटी पाहिले, पाहायला हवे होते आधी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट एकच : गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. अशी नोंदणी घेतली तर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही, म्हणून ती घ्यावी की नाही हे अजून आमचे ठरलेले नाही. पण ट्विन-कॅम चढवले असते तर ते ठरवायचा हक्कच उरला नसता.

शेवटी आम्ही तिघे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. तिच्या बहिणींचे अवयव भंगारात अजून सापडतात. चौथ्या दुकानात एक हेड मिळाले. टॅक्सीचे होते, हे मिस्त्रींनी उलटे करताच ओळखले. व्हॉल्व्हच्या बैठका आत खोल गेल्या होत्या. सीएनजी कोरडा वायू, पेट्रोलसारखा ओलावा देत नाही, बैठका खातो. कुठल्याशा भायखळा–दादर भाड्यांची ती झीज होती. नव्या बैठका बसवल्या. पृष्ठभाग घासताना मी लेथजवळून हललो नाही, कारण आमच्या मूळ हेडची तडा जिथून सुरू झाली, तिथे पूर्वी कोणीतरी गरजेपेक्षा जास्त घासले होते.

गणपतीच्या आधी गाडी सुरू झाली. टॅपेट थोडे वाजत होते. इंजिन गरम करून मिस्त्रींनी फिलर गेज लावून पुन्हा बसवले. भाच्याने फुटलेले हेड टाकू दिले नाही. खोपोलीच्या एका वर्कशॉपमधून त्याने ते उभे कापून आणले. आता ते आमच्या ओटीवर आहे : पाण्याच्या वाटा, हवेच्या वाटा, तडेची रेघ, सगळे उघडे. सुटीत आला की व्हर्निअर घेऊन तो तिथेच बसतो आणि आतल्या वाटेची मापे वहीत उतरवतो. कशासाठी, हे मी विचारलेले नाही.