हाताची शस्त्रक्रिया आणि कोरोनाचा काळ

मराठीत एखाद्याला 'हात देणे' म्हणजे त्याला मदत करणे. कन्नडमध्ये 'कै कोडु' याचा शब्दशः अर्थ तोच, पण व्यवहारात मात्र ऐन वेळी दगा देणे! दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आम्हा सीमाभागातील मुलांची अशा ठिकाणी मोठी गंमत होते. शब्दांचे काहीही असो, इथल्या माणसाचे पोट हातावर आहे ही गोष्ट दोन्ही भाषांत सारखीच खरी. निपाणीच्या विडी कामगार बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, वडगाव-शहापूर-खासबागेत यंत्रमाग आहेत, आणि खेड्यांत गुऱ्हाळे, मळणी यंत्रे व कडबाकुट्टी आहेतच. या सर्व ठिकाणी यंत्राच्या सर्वांत जवळ असतो तो माणसाचा हात.

असा हात यंत्रात सापडला तर वैद्यक काय करू शकते, आणि 2020 साली सारे जग घरात कोंडले गेले तेव्हा तेच काम डॉक्टरांनी कसे चालू ठेवले, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाचा अधिकार मला नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले तेवढेच मांडतो.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की पुष्कळांना सिनेनटीचे नाक आठवते, आणि काहींना तर शरीरात खरोखरच प्लॅस्टिक बसवितात असे वाटते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आकार देणे' एवढाच आहे. आपल्या मराठी मुलखाचा या विद्येशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी सैन्यात बैल हाकीत असे. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे वर्षभराने, पुण्याजवळ, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. हे पत्र वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने 1814 साली तशी शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती युरोपभर पसरली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण कावसजीचा हात गेला तो गेलाच, हे सांगायचे राहून जाते.

नाक होऊ शकले आणि हात का नाही? कारण नाकाला आकार दिला की बरेचसे काम झाले. हाताला आकारासोबत हालचाल व स्पर्शही द्यावा लागतो. एका हातात 27 हाडे असतात. बोटांत स्नायू नसतातच. कोपराखालचे स्नायू दोरीसारख्या कंडरांनी बोटे ओढतात, जणू कळसूत्री बाहुलीच. तुटलेले बोट जोडताना आधी हाड तारेने पक्के करावयाचे, मग कंडरा शिवावयाच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू केसाहून बारीक धाग्याने सांधावयाचे आणि शेवटी कातडी. 1962 साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका 12 वर्षांच्या मुलाचा तुटलेला दंड जोडण्यात आला, 1963 साली शांघायमध्ये एका कामगाराचा हात, आणि 1965 साली जपानमधील नारा येथे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अंगठा. म्हणजे ही विद्या जेमतेम साठ वर्षांची आहे.

तिचा सगळा हिशेब वेळेवर चालतो. तुटलेले बोट उघड्यावर साधारण 12 तास व थंड ठेवल्यास 24 तासांपर्यंत जोडण्याजोगे राहते. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर मात्र त्यात स्नायू असल्याने सहा तासही जास्तच. आणि थंड ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीतील एका काकांची दोन बोटे पॉवरप्रेसमध्ये गेली. सोबतच्या कामगारांनी शहाणपणाने बोटे उचलली, धावपळ करून बर्फ आणला आणि बोटे थेट त्या बर्फात खुपसली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गोठून निकामी झाली होती. खरी रीत अशी: बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. जखमेवर हळद, चुना, तंबाखू काहीही दाबू नये. स्वच्छ फडके दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा.

प्रत्येक बोट जोडता येतेच असे नाही. गुऱ्हाळाच्या चरकात उसाबरोबर हात गेला तर तो चिरडला जातो. सांधायला धड रक्तवाहिनीच उरत नाही. अशा वेळी निदान उघडे पडलेले हाड व कंडरा झाकण्यासाठी जांघेची कातडी उचलून हातावर शिवतात आणि सुमारे तीन आठवडे हात जांघेलाच जोडून ठेवतात. तोवर हाताकडून त्या कातडीला रक्त मिळू लागते, मग मूळ जागेपासून ती कापतात. कावसजीच्या कपाळाची युक्तीच ही, फक्त जागा बदलली.

इथे माझ्या शाखेचा एक विषय काढल्यावाचून राहवत नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात कोणता अवयव गेल्याने कमाईची शक्ती किती टक्के घटते याचे कोष्टकच आहे. पूर्ण हात गेला तर 60, अंगठा 30, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी 7. अंगठा म्हणजे निम्मा हात, हे डॉक्टरांचे मत कायद्यालाही मान्य दिसते. पण चार बोटांची बेरीज करून पाहा: 40 येते, आणि चारही बोटे एकदम गेली तर कोष्टक 50 टक्के धरते. जमाखर्चात अशी बेरीज कोणी मांडली तर प्राध्यापक वही परत करतील, पण हाताच्या बाबतीत ती बरोबर आहे. एक बोट गेले तर शेजारचे त्याचे काम उचलते. चारही गेली तर उचलणार कोण?

आता कोरोनाकडे वळू. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. कारखाने थांबले तसे तिथले अपघातही कमी झाले. पण घरची सुरी, फुटलेली काच, शेतातली यंत्रे ही काही बंद नव्हती. इकडे रुग्णालयांत खाटा, प्राणवायू आणि भूलतज्ज्ञ हे सारे कोविडच्या रुग्णांकडे वळवावे लागले. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते आणि त्या वेळी विषाणू हवेत उडण्याचा धोका सर्वांत जास्त. मग कंडरा तुटलेल्या माणसाचे करायचे काय?

उत्तर आधीच तयार होते, पण पुष्कळ डॉक्टर ते वापरायला कचरत होते. कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंड यांनी रुग्णाला पूर्ण जागा ठेवून हाताची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली आहे. बधिर करणाऱ्या औषधात थोडे अॅड्रेनॅलिन मिसळून ते फक्त हातात टोचतात आणि अर्धा तास थांबतात. अॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसे येत नाही, त्यामुळे दंडाला करकचून पट्टा बांधावा लागत नाही. बोटात अॅड्रेनॅलिन टोचले तर बोट सडते, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान् पिढ्या लिहिलेले होते. खरा दोष पूर्वी वापरात असलेल्या प्रोकेन या औषधाचा होता. साठवणुकीत ते आम्लधर्मी होत असे. लालोंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 3,110 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात एकाचेही बोट गेले नव्हते.

महामारीत ही पद्धत देशोदेशी एकदम उपयोगी पडली. उपाशी राहणे नको, भरती होणे नको, मोठे शस्त्रक्रियागृह नको. साध्या स्वच्छ खोलीत काम करून रुग्ण त्याच दिवशी घरी. शिवाय एक फायदा असा की कंडरा शिवून झाल्यावर डॉक्टर रुग्णालाच सांगतात, "बोट वाकवा बघू", आणि शिवण सैल पडली तर जखम बंद करण्यापूर्वीच दुरुस्त करतात. झोपलेल्या रुग्णाला हे कसे सांगणार? यासोबतच विरघळणारे टाके घालण्याकडे कल वाढला, म्हणजे टाके काढायला पुन्हा येणे नको. आपल्या देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वेही 25 मार्च 2020 लाच जाहीर झाली. जखमेचा फोटो किंवा व्हिडिओ पाहून सल्ला देण्यास त्यामुळे आधार मिळाला.

आमच्या भागात या सोयींचे मोल अधिक आहे. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 40. बेळगावात केएलईसारखे मोठे रुग्णालय आहे, तर कोल्हापूर जवळ पण दुसऱ्या राज्यात. 2021 साली महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा दाखला दाखवावा लागे. केवळ पट्टी बदलण्यासाठी राज्याची सीमा दोनदा ओलांडणे मजुराला परवडणारे नव्हते. नाके उठले, पण अंतर आणि बुडणारी रोजंदारी आहे तिथेच आहे. म्हणून त्या काळातील जागेपणीची शस्त्रक्रिया व फोनवरील तपासणी तालुक्याच्या ठिकाणी कायम राहावी, असे मला वाटते.

छोट्या कामांबरोबर मोठी कामेही थांबली नव्हती. एप्रिल 2020 मध्ये पतियाळा येथे संचारबंदीचा पास विचारणाऱ्या हरजीत सिंग या पोलीस अधिकाऱ्याचा हात तलवारीने तोडण्यात आला. चंदीगडच्या पीजीआयमध्ये साडेसात तासांच्या शस्त्रक्रियेने तो जोडला गेला. ऑगस्ट 2020 मध्ये तर मुंबईत परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये, रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीला चेन्नईहून विमानाने आणलेले हात बसविण्यात आले.

एक गोष्ट मात्र फोनवरून नीट जमली नाही, ती म्हणजे व्यायाम. शिवलेली कंडरा पुरती बळकट व्हायला सुमारे बारा आठवडे लागतात. या काळात बोट फार हलविले तर शिवण तुटते आणि मुळीच हलविले नाही तर ते आखडून बसते. हा तोल व्यायामतज्ज्ञ आपल्या बोटांनी चाचपून सांभाळतो. पडद्यावर त्याला सूज दिसते, पण ताठरपणा कळत नाही. मज्जातंतूंची चाल तर याहून मंद, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाशी तुटलेल्या तंतूला बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने लागतात. 31 मे 2020 पर्यंतच्या 68 दिवसांच्या टाळेबंदीत तो सात सेंटिमीटरही पुढे सरकला नसेल. म्हणजे तळहाताच्या मध्यापर्यंतच.