वर्मबाधित संगणकाची खबर कोणाला द्यावी?

संगणकात शिरणाऱ्या ‘वर्म’ या उपद्रवी प्रोग्रामला पसरण्यासाठी कोणी फाइल उघडण्याची गरज नसते. तो इंटरनेटवरून स्वतःच दुसरे असुरक्षित यंत्र शोधतो आणि तेथे आपली प्रत रुजवतो. २००१ च्या जुलैमधील ‘कोड रेड’ने मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधील त्रुटीचा लाभ उठवला, त्रुटीवरील दुरुस्ती जूनमध्येच उपलब्ध झालेली असूनही १९ जुलैला चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे बाधित झाली.

बाधित यंत्र मिळेल त्या पत्त्यावर धडका देत असल्यामुळे, ज्यांना ही बाधा होणे शक्यच नव्हते अशा अपाचे सर्व्हरांच्या लॉग फाइलमध्येही, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्येही, ‘डिफॉल्ट डॉट आयडीए’ या नावापुढे ‘एन’ अक्षराची लांबलचक रांग असलेल्या ओळी साचू लागल्या. अशा ओळीत धडक देणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याचा क्रमांक, असतो. मात्र त्यावरून मालकाचे नाव कळत नाही. ‘हूइज’ या सार्वजनिक नोंदणीतून तो क्रमांक कोणत्या सेवा पुरवठादार कंपनीच्या वाट्याचा आहे एवढेच समजते, आणि अशा तक्रारींसाठी कंपन्यांनी ‘अब्यूज’ नावाची टपालपेटी ठेवावी, असा संकेत १९९७ पासून रूढ आहे.

तक्रारीत सर्वांत मोलाची असते ती वेळ. डायल-अप जोडणीत एकच क्रमांक एका संध्याकाळी अनेक ग्राहकांकडे फिरत असे, त्यामुळे घड्याळ ग्रिनिचचे की त्याहून साडेपाच तास पुढे असलेले भारताचे, हे न लिहिल्यास ठपका भलत्याच घरावर येई. शिवाय विंडोज २००० सर्व्हरबरोबर आयआयएस आपोआप बसत असल्याने, आपल्या यंत्रावर ते चालू आहे याचा अनेक मालकांना पत्ताही नव्हता. अशा मालकाला गुन्हेगार न मानता त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचवणे हेच तक्रारीचे खरे काम होय.

ऑगस्टमध्ये आलेल्या ‘कोड रेड २’ने बाधित यंत्रात कोणालाही आत घेणारे चोरदार उघडे ठेवल्यामुळे बाधित पत्त्यांच्या याद्या चारचौघांत लावणे धोक्याचे ठरले. त्याच दारातून आत जाऊन मालकाला परस्पर संदेश दाखवण्याचा मार्ग काही प्रशासकांनी चोखाळला; हेतू चांगला असला, तरी परवानगीवाचून परक्या यंत्रात शिरणे समर्थनीय नव्हे. ग्राहक कोण हे केवळ सेवा पुरवठादारालाच ठाऊक असल्याने वाट त्याच्याच दारावरून जाते, आणि तेथे पत्र न वाचताच पडून राहिले तर सगळा खटाटोप वाया जातो. भारतात २०१७ पासून ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र बाधित यंत्रांची माहिती सेवा पुरवठादारांना कळवते, आणि यंत्र साफ करण्याची साधने नागरिकांना मोफत देते.