सभागृहाबाहेरील संगीत : आर. मरे शेफर यांची भूमिका

प्रस्तावना :
पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या परंपरेत सभागृहाला असाधारण महत्त्व आहे. बाहेरील आवाज रोखणाऱ्या भिंती व निःशब्द बसलेला श्रोता हे त्या परंपरेने गृहीतच धरलेले असते. कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर (१९३३-२०२१) यांनी आपल्या अनेक रचनांत हे गृहीतक नाकारले. त्यामागील विचार व त्याच्या मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ध्वनिपरिसराची संकल्पना :
सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन करीत असताना शेफर यांनी जागतिक ध्वनिपरिसर प्रकल्प उभा केला. १९७३ मध्ये व्हँकुव्हर शहराच्या आवाजांचा अभ्यास प्रकाशित झाला व १९७७ मध्ये 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' हा त्यांचा ग्रंथ आला. यंत्रांच्या गोंगाटात दूरचे व सूक्ष्म आवाज बुडून जातात, ही त्यांची मुख्य चिंता होती. केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही, समाजाने ऐकण्यास शिकले पाहिजे, असे ते मानत. वर्गातील त्यांचे 'कर्णशुद्धी'चे स्वाध्याय याच विचारातून आले.

तळे हेच वाद्य :
१९७९ मधील 'म्युझिक फॉर वाइल्डरनेस लेक' या रचनेत बारा ट्रॉम्बोनवादक तळ्याच्या काठाने विखुरलेले असतात. वादन होते ते संध्याकाळी व पहाटे. या वेळांची निवड केवळ सौंदर्यदृष्टीने केलेली नाही. त्या वेळी वारा बहुधा मंद असतो. पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असल्यास ध्वनी खाली वळतो व दूरवर पोहोचतो. मात्र अर्धा किलोमीटर अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे दीड सेकंद लागतो. त्यामुळे दोन काठांवरील वादकांना काटेकोर एकताल साधता येत नाही. अशा ठिकाणी दीर्घ स्वर, विराम व प्रतिध्वनी यांवरच रचना उभी राहू शकते. 'द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' (१९८१) हे संगीतनाट्यही तळ्यावरच, सूर्योदयापूर्वी सुरू होते. त्यातील पात्रे होड्यांतून येतात.

मर्यादा :
अशा प्रयोगाला हवामानाची शाश्वती नसते. अपरात्री दूरच्या तळ्यावर पोहोचणे प्रत्येक रसिकाला शक्य नसते. सभागृहाच्या भिंती पाडताना प्रवासाची नवी भिंत उभी राहते, हे नाकारता येत नाही. शिवाय मूलनिवासी समाजांच्या कथा व प्रतीके यांचा शेफर यांनी केलेला वापर अलीकडील अभ्यासकांच्या टीकेचा विषय ठरला आहे. निसर्ग 'निर्जन' मानताना तेथील माणसांचा विसर पडतो काय, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

समारोप :
या मर्यादा मान्य केल्या तरी शेफर यांचे योगदान उणावत नाही. स्थळ हे संगीताचे पात्र नसून त्याचा घटक आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष रचनांतून दाखविले. त्यांची कर्णशुद्धी मात्र तळ्यावाचून अडत नाही. पाच मिनिटे शांत बसून कानावर पडलेल्या आवाजांची नोंद करणे कोणत्याही वर्गात शक्य आहे. आणि ऐकण्याची सवय जडलेला विद्यार्थी पुढे गोंगाट मुकाट्याने स्वीकारणार नाही, हाच त्यांच्या विचाराचा शैक्षणिक आशय होय.