गर्भारपणातील संधिसाधू संक्रामणे, एचआयव्ही बाधित स्त्रियांतील

निरोगी शरीर ज्या सूक्ष्मजंतूंना सहज काबूत ठेवते त्यांनी प्रतिकारक्षमता क्षीण होताच केलेल्या संक्रामणास संधिसाधू संक्रामण म्हणतात. एचआयव्ही या व्हायरसामुळे रक्तातील सीडी ४ कोशिका घटतात. त्यांची संख्या दर घ. मिमी.मध्ये २०० पेक्षा कमी झाल्यास न्यूमोसिस्टिस फुप्फुसशोथ, तर १०० पेक्षा कमी झाल्यास टॉक्सोप्लाझ्मा व क्रिप्टोकॉकस यांमुळे होणारे मेंदूचे विकार संभवतात. क्षयरोग मात्र ही संख्या पुरेशी असतानाही होऊ शकतो.

मुंबईच्या अंधेरी, घाटकोपर यांसारख्या उपनगरांतील दाट वस्तीत, कोंदट खोल्यांतून क्षय हवेवाटे सहज पसरतो. पुणे येथे २००२–०५ मध्ये झालेल्या पाहणीत ७१५ बाधित मातांपैकी २४ जणींना प्रसूतीनंतरच्या वर्षात क्षय झाला. अशा माता व त्यांची बालके यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळले.

निदान : गर्भाच्या वाढीमुळे आईची वजनघट झाकली जाते. म्हणून खोकला, ताप, रात्रीचा घाम यांबरोबरच वजन अपेक्षेप्रमाणे न वाढणे हेही लक्षण मानतात. पोट झाकून छातीचे क्ष-किरण चित्र घेता येते. गर्भाच्या भीतीने ते टाळणे हितावह नाही.

उपचार : क्षयावरील नेहमीची औषधे गर्भारपणातही देतात, मात्र स्ट्रेप्टोमायसिनाने गर्भाच्या श्रवणशक्तीस इजा होत असल्याने ते वर्ज्य आहे. रिफॅंपिसिनामुळे डोल्युटेग्राव्हिराची रक्तातील पातळी घटते, म्हणून ते ५० मिग्रॅ. दिवसातून दोनदा देतात. क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथात पहिल्या तिमाहीत फ्लुकोनॅझोलाऐवजी अँफोटेरिसीन बी पसंत करतात.

प्रतिबंध : न्यूमोसिस्टिस व टॉक्सोप्लाझ्मा यांविरुद्ध को-ट्रायमोक्साझोल उपयुक्त असून त्यासोबत फॉलिक अम्ल देतात. क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिडाबाबत मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह आठ देशांतील ९५६ स्त्रियांच्या चाचणीत ते प्रसूतीनंतर सुरू करण्यापेक्षा गर्भारपणात सुरू केल्यास गर्भावर होणाऱ्या प्रतिकूल परिणामांचे प्रमाण अधिक (२३·६ टक्के विरुद्ध १७ टक्के) दिसले. तरीही जागतिक आरोग्य संघटना गर्भारपणास अडसर मानत नाही.

या सर्वांपेक्षा मोलाचा उपाय म्हणजे व्हायरसरोधक औषधे अखंड घेणे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात २००४ मध्ये ती मोफत मिळू लागली आणि २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गर्भवतीस सीडी ४ संख्येचा विचार न करता आजीवन दिली जातात. त्यांनी आईची प्रतिकारक्षमता सावरते व बालकास होणारे संक्रामणही टळते. आईच्या उपचारात केलेली दिरंगाई बालकालाही भोवते.